‘गुण असणे’ आणि ‘गुण येणे’ : हिरड्यांवरील वनौषधींच्या मराठी लेखनाचे परीक्षण

हिरड्यांच्या विकारांवर उपयोगी पडणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यांविषयी मराठीत गेल्या काही दशकांत विपुल लिहिले गेले आहे. दैनिकांच्या आरोग्यविषयक पुरवण्या, वनौषधींची ओळख करून देणारी छोटी पुस्तके, दंतमंजनांच्या वेष्टनांवरील मजकूर आणि अलीकडे शोधनिबंधांना जोडण्यात येणारे मराठी सारांश, असा या लेखनाचा पसारा आहे. त्यातील वैद्यकीय विधाने खरी की खोटी, याचा निवाडा दंतवैद्यांनी व औषधिशास्त्रज्ञांनी करावयाचा आहे. भाषाभ्यासकाचा तो अधिकार नव्हे. परंतु एखादे विधान खरे किंवा खोटे ठरू शकेल अशा रीतीने मांडले गेले आहे की नाही, हा प्रश्न वाक्यरचनेचा आहे, आणि त्याची चिकित्सा करणे हे भाषाभ्यासकाचे कामच होय. प्रस्तुत लेखात या लेखनाचे परीक्षण केवळ त्या दृष्टीने करावयाचे योजिले आहे.

नमुन्यादाखल तीन वाक्ये घेऊ. ‘हळदीमध्ये जंतुनाशक व दाहशामक गुणधर्म आहेत.’ ‘कडुनिंबात हिरड्यांचे आरोग्य राखणारे घटक असतात.’ ‘लवंग ही दात व हिरड्यांच्या तक्रारींवर गुणकारी आहे.’ ही वाक्ये कोणा एका लेखकाची नव्हेत. या प्रकारच्या लेखनात जी घडण पुनःपुन्हा आढळते तिचे हे साचे आहेत. पहिल्या दोहोंत वनस्पतीचे नाव सप्तमीच्या अर्थी योजिलेले आहे, कर्तृपद ‘गुणधर्म’ अथवा ‘घटक’ हे आहे आणि क्रियापद ‘असणे’ हे आहे. तिसऱ्यात सप्तमी नाही, पण ‘गुणकारी’ या विशेषणाने तेच काम भागविले आहे. तिन्ही वाक्यांत काही घडत नाही. कोणी काही लावीत नाही, कोणाला काही होत नाही, किती दिवसांत, किती मात्रेने, कशाच्या तुलनेने, यांपैकी एकाही प्रश्नाला वाक्यात जागा नाही. ही माहिती लेखकाने गाळली आहे असेही म्हणता येत नाही, कारण या साच्यात ती बसविण्याची सोयच नसते.

आता आपल्या घरोघरी चालत आलेल्या औषधोपचाराची भाषा पाहावी. ‘हळद आणि सैंधव तिळाच्या तेलात कालवून रात्री निजण्यापूर्वी हिरड्यांवर हलक्या बोटाने चोळावे.’ हे विध्यर्थी वाक्य आहे. त्यात द्रव्य आहे, अनुपान आहे, साधन आहे, स्थान आहे, काळ आहे. या उपचाराने काही साधते की नाही, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. मुद्दा असा की, हे वाक्य पडताळून पाहता येते. दहा जणांनी तसे करावे, दहा जणांनी करू नये, आणि पंधरवड्याने पाहावे. ‘हळदीमध्ये गुणधर्म आहेत’ हे मात्र कसे पडताळावे? त्याचे नकारार्थी रूप करून पाहिले म्हणजे अडचण ध्यानात येते. ‘हळदीमध्ये दाहशामक गुणधर्म नाहीत’ असे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही मराठीत ते कोणी लिहिलेले दिसत नाही. ज्या विधानाला नकार संभवत नाही, त्याच्या होकाराला तरी किती किंमत द्यावयाची?

मराठीची स्वतःची जाणीव याहून कितीतरी अधिक शहाणपणाची आहे. आपण रोगी मनुष्याला ‘औषधात गुण आहे का?’ असे विचारीत नाही. ‘औषधाचा गुण आला का?’ असे विचारतो. ‘मला त्या काढ्याने गुण आला’ या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीच्या अर्थाने आलेला आहे, औषध तृतीयेत आहे आणि ‘गुण’ हा येणारा, म्हणजे काळात घडणारा आहे. ‘गुण आला नाही’ हे वाक्यही तितकेच सहज आहे आणि ते आपण नित्य बोलतो. ‘थोडा उतार पडला’, ‘दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा मूळ पदावर’ अशा मधल्या पायऱ्याही भाषेने राखून ठेविल्या आहेत. ‘गुणधर्म’ हा शब्द पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकांतून रूढ झाला. तेथे तो योग्यच आहे, कारण तांब्याची विद्युद्वाहकता तांब्यातच असते. औषधाचा गुण मात्र औषधात नसतो. तो औषध, शरीर, मात्रा आणि काळ यांच्या संबंधात असतो. या दोन भिन्न कल्पनांवर एकच शब्द पांघरल्यामुळे ‘गुण येणे’ हे मागे पडले आणि ‘गुण असणे’ हे शास्त्रीय वाटू लागले.

हिरड्यांच्या बाबतीत हा घोटाळा विशेष घातक का होतो, हे समजण्यासाठी रोगाचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. दातांच्या मुळाशी जीवाणूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर त्यात क्षार साठून त्याचे किटण बनते. या थराला शरीर जे उत्तर देते त्यातून हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येते. १९६५ साली हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये एक साधा परंतु निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्या असलेल्या बारा जणांना दात स्वच्छ करण्याचे थांबविण्यास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना सूज आली, आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच ती ओसरली. येथपर्यंत विकार परतीचा असतो. पुढे मात्र काही जणांत ही प्रतिक्रिया खोलवर जाते. पोर्फिरोमोनास जिंजिव्हालिस यांसारख्या जीवाणूंचे प्राबल्य होते, शरीराच्याच पेशींतून निघणारी प्रोस्टाग्लँडिने व ऊतके विरघळविणारी विकरे हाडाचा क्षय घडवितात आणि दात हलू लागतात. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही. आणि हे सारे बहुधा वेदनेवाचून घडते. ज्याला दुखत नाही तो मनुष्य ‘गुणकारी’ या शब्दावर वर्षानुवर्षे विसंबून राहू शकतो. दाढ दुखणाऱ्याला तशी चैन परवडत नाही. (‘पायरिया’ हा आपल्याकडे घरोघर रूढ झालेला शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ पू वाहणे एवढाच आहे. दंतवैद्यकाने तो केव्हाच मागे टाकला. मराठीने अद्याप सोडलेला नाही, आणि त्यामुळे पू दिसेपर्यंत रोग नाही अशी समजूत टिकून राहिली आहे.)

म्हणूनच या विषयावरील शोधनिबंधांत एक क्रियाविशेषण फार मोलाचे असते. हळदीचा जेल असो, ज्येष्ठमधातील द्रव्ये असोत वा हिरव्या चहातील संयुगे असोत, हाडापर्यंत पोहोचलेल्या रोगावर ती बहुधा ‘दातांची व मुळांची यांत्रिक स्वच्छता केल्यानंतर, तिला पूरक म्हणून’ वापरून तपासलेली असतात. किटण आधी हत्याराने काढले जाते. मग एका गटाला वनस्पतिद्रव्य दिले जाते, दुसऱ्याला दिले जात नाही, आणि दोहोंतील फरक मोजला जातो. हा फरक अनेकदा थोडा असतो, कधी नसतोही. मराठी वृत्तांतात हा निबंध उतरतो तेव्हा ‘पूरक म्हणून’ हे दोन शब्द पहिल्याच पायरीवर गळतात, आणि ‘हळदीने हिरड्यांचा रोग बरा होतो’ असे वाक्य शिल्लक राहते. मूळ वाक्यात हळद ही किटण काढण्याच्या क्रियेची मदतनीस होती. अनुवादात ती एकटीच कर्तृत्व गाजविते.

याबाबतीत परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी परंपरेचे वाक्य तरी नीट वाचावयास हवे होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पासष्ट मुखरोगांची गणना आहे आणि त्यांपैकी पंधरा दंतमूलाचे, म्हणजे हिरडीच्या ठिकाणचे आहेत. शीताद, दंतवेष्ट, उपकुश, परिदर अशी त्यांची नावे लक्षणांनुसार वेगळी केलेली आहेत. शीतादात विनाकारण रक्त येते आणि हिरड्या मऊ, काळसर व ओलसर होतात. दंतवेष्टात पू-रक्त वाहते व दात हलतात. चिकित्सास्थानात शीतादावर सुंठ, मोहरी, त्रिफळा व नागरमोथा यांच्या काढ्यात रसांजन घालून गुळण्या सांगितल्या आहेत. पण त्या केव्हा करावयाच्या? आधी दूषित रक्त काढल्यानंतर. हा क्रम रोगाच्या नावालाच विशेषण म्हणून जोडलेल्या समासात बांधून टाकलेला आहे, तो वगळून श्लोक वाचताच येत नाही. रक्तमोक्षणाचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सुश्रुताच्या वाक्यातही वनस्पती ही शस्त्रकर्मानंतर येणारी, पूरक आहे. आजच्या शोधनिबंधाचे वाक्य आणि सुश्रुताचे वाक्य यांची घडण एक आहे, आणि मधल्या काळात तयार झालेल्या मराठी आरोग्यलेखनाची तेवढी निराळी आहे, हा योगायोग मला तरी बोलका वाटतो.

पारिभाषिक शब्दांच्या निवडीने या गोंधळात भर घातली आहे. पाश्चात्त्य वैद्यकात ज्या प्रतिक्रियेची लाली, सूज, उष्मा आणि वेदना ही चार चिन्हे इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने नोंदविली, तिच्यासाठी मराठीत कोणी ‘दाह’ लिहितात, कोणी ‘शोथ’, कोणी नुसते ‘सूज’. त्यामुळे या प्रतिक्रियेला आळा घालणारे द्रव्य कोठे ‘दाहशामक’ होते तर कोठे ‘शोथहर’. या दोन संज्ञा पर्यायी आहेत असे समजून त्या वापरल्या जातात. परंतु दोन्हीही आयुर्वेदात आधीच निश्चित अर्थाने ठाण मांडून बसलेल्या आहेत. चरकाच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात दहादहा द्रव्यांचे पन्नास वर्ग दिले आहेत. त्यांत शोथहर वर्ग आणि दाहप्रशमन वर्ग हे स्वतंत्र आहेत. शोथहर वर्ग म्हणजे दशमुळे : बेल, टेटू, पाडळ, रिंगणी, गोखरू इत्यादी. दाहप्रशमन वर्गात साळीच्या लाह्या, चंदन, वाळा, नीलकमल, साखर, गुळवेल वगैरे येतात. शिवणीचे झाड तेवढे दोन्हींकडे आहे, तेही एकीकडे मूळ आणि दुसरीकडे फळ या रूपाने. आणि जिच्या मागे ‘दाहशामक’ हे विशेषण आज हटकून लागते ती हळद या दोहोंपैकी एकाही वर्गात नाही. ती कुष्ठघ्न, लेखनीय, विषघ्न अशा वर्गांत आहे. पुढच्या काळातील भावप्रकाशात हळदीच्या गुणांत शोथाचा निर्देश येतो, हेही सांगितले पाहिजे. परंतु ‘दाह’ हा शब्द निवडताच वाचकाच्या मनात पित्त, जळजळ आणि शीत द्रव्ये यांची मालिका उभी राहते, आणि तिच्यात उष्ण मानलेल्या हळदीला कोणतेच स्थान नाही. एका इंग्रजी संज्ञेचा अनुवाद करताना आपण नकळत एक परंपरा निर्माण केली आणि तिलाच प्राचीन म्हणून प्रमाण मानू लागलो. माझे मत विचाराल तर ‘शोथ’ हा त्यातल्या त्यात कमी दिशाभूल करणारा शब्द आहे. ‘दाह’ सोडून द्यावा.

यापेक्षाही खोल प्रश्न वनस्पती आणि तिच्यातील संयुग यांच्या भेदाचा आहे. ‘अर्क’ या एका शब्दावर आपण फार मोठे ओझे टाकले आहे. ऊर्ध्वपातनाने काढलेले द्रव, मद्यार्कात मुरविलेले द्रावण, पाण्यात उकळून आटविलेला लगदा, आणि शुद्ध केलेले स्फटिकरूप संयुग, या चारांनाही मराठी वृत्तलेखक ‘अर्क’ म्हणतो. (रुईच्या झाडालाही संस्कृतात अर्कच म्हणतात आणि चरकाने दातवणाच्या झाडांत त्याचा समावेश केला आहे, तेव्हा ‘अर्काने दात घासावे’ या वाक्याचे काय करावयाचे, हे ज्याने त्याने ठरवावे.) वस्तुतः स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट हे पाच कल्प वैद्यकाने काटेकोरपणे वेगळे केले होते. पण त्याहून महत्त्वाचे असे की, बाजारातल्या, काष्ठौषधी विकणाऱ्याच्या मराठीने वनस्पती व संयुग यांतील भेद फार पूर्वीच शब्दबद्ध केला आहे. ओवा निराळा आणि ‘ओव्याचे फूल’ निराळे. पुदिना निराळा आणि ‘पुदिन्याचे फूल’ निराळे. येथे ‘फूल’ म्हणजे झाडाला येणारे फूल नव्हे. गंधकाचे फूल, जस्ताचे फूल यांप्रमाणे निवळून मिळविलेले शुद्ध, हलके, बहुधा स्फटिकरूप द्रव्य होय. ओव्याचे फूल म्हणजे रसायनशास्त्रातील थायमॉल आणि पुदिन्याचे फूल म्हणजे मेन्थॉल. जो दुकानदार ओवा मुठीने देतो तोच ओव्याचे फूल गुंजेच्या हिशोबाने तोलतो, आणि हा तोलातला फरक शब्दातल्या फरकाशी तंतोतंत जुळतो.

हिरड्यांवरील वनस्पतिजन्य द्रव्यांत ज्यांच्याविषयी सर्वांत भक्कम पुरावा आहे त्यांत नेमकी ही दोन ‘फुले’ आहेत, हे आपल्या लेखनात क्वचितच सांगितले जाते. लिस्टरीन या चूळद्रवात थायमॉल शेकडा ०.०६४, निलगिरीतील युकॅलिप्टॉल ०.०९२, मेन्थॉल ०.०४२ आणि मिथिल सॅलिसिलेट ०.०६० या प्रमाणात असते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९८७ साली या द्रवाला जीवाणूंचा थर व हिरड्यांची सूज कमी करणारा म्हणून मान्यता दिली, आणि त्या मान्यतेमागे किमान सहा महिने चालणाऱ्या चाचण्यांची अट होती. येथे ‘ओव्यात गुणधर्म आहेत’ असे वाक्य नाही. अमुक संयुग, अमुक प्रमाणात, रोजच्या घासण्याच्या जोडीने, इतके महिने, असे ते आहे. ‘गुण येणे’ या क्रियापदाला लागणारी सगळी पदे तेथे हजर आहेत. गंमत अशी की, ही द्रव्ये आपल्या स्वयंपाकघराच्या व काष्ठौषधींच्या इतकी जवळची असूनही मराठी लेखक त्यांना ‘रासायनिक’ म्हणून बाजूला सारतो आणि ओव्याची पुरचुंडी ‘नैसर्गिक’ म्हणून पुढे करतो. रेणू मात्र दोन्हीकडे तोच असतो.

हळदीची कथा नेमकी उलट आहे. तिच्यातील पिवळे द्रव्य, कर्क्यूमिन, १८१५ साली वेगळे करण्यात आले आणि त्याची रचना १९१० साली निश्चित झाली. पण ‘हळदीचे फूल’ असा शब्द मराठीत कधी झाला नाही, कारण ते व्यवहारात आलेच नाही. परिणामी हळद आणि कर्क्यूमिन हे शब्द आपल्या लेखनात एकमेकांच्या जागी बिनदिक्कत ये-जा करतात. सांगलीच्या पेठेतल्या हळदीत हे द्रव्य शेकड्याला थोडेच असते. सर्वसाधारण हळदीत ते शेकडा दोन ते पाचच्या आसपास भरते. प्रयोगशाळेत पेशींवर शुद्ध कर्क्यूमिन टाकून मिळविलेला निष्कर्ष चिमूटभर हळदीला लावणे म्हणजे ओव्याच्या फुलाचा भाव ओव्याला लावणे होय. त्यातही ते आतड्यातून रक्तात फार कमी प्रमाणात उतरते. शिवाय हळदीला क्षार लागला की ती लाल होते हे कुंकू करणाऱ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. क्षारयुक्त द्रवात चटकन विघटन पावणारे आणि स्वतः चमकणारे हे द्रव्य प्रयोगशाळेतील मापनांनाही फसविते. २०१७ साली कॅथरिन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये कर्क्यूमिनविषयीच्या संशोधनाचा जो कठोर आढावा घेतला, त्यात हे सारे दोष मांडले आहेत. हिरडीवर प्रत्यक्ष लावण्याच्या बाबतीत रक्तात उतरण्याचा आक्षेप तितका लागू पडत नाही, आणि काही छोट्या, थोड्या मुदतीच्या चाचण्यांत हळदीच्या चूळद्रवाने वा जेलाने सूज कमी झाल्याचे नोंदविले आहे. तेव्हा दार बंद झालेले नाही. पण या चाचण्यांविषयी लिहिताना ‘छोट्या’ आणि ‘थोड्या मुदतीच्या’ ही विशेषणे जो लेखक गाळील त्याने संख्याशास्त्रच गाळले असे म्हणावे लागेल.

बाभूळ, बकुळ, खैर आणि हिरडा यांच्याविषयीच्या वाक्यांत आणखी एक शब्द तपासण्याजोगा आहे : ‘घट्ट’. या चौघांतही टॅनिन वर्गातील तुरट द्रव्ये भरपूर असतात. ती तोंडातील प्रथिनांना आवळतात, म्हणून हिरडीचा पृष्ठभाग आक्रसल्यासारखा, घट्ट वाटतो. ‘हिरड्या घट्ट होतात’ हे वाक्य या अर्थी अनुभवाला धरून आहे. पुढच्याच ओळीत ‘दात घट्ट होतात’ असे येते आणि वाचक निमूटपणे एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर जातो. दात सैल होतो तो हाड गेल्यामुळे. बकुळीच्या सालीने पृष्ठभाग आवळला तरी हाड परत येत नाही. पहिले ‘घट्ट’ हे जाणवण्याचे आहे, दुसरे हाडाच्या आधाराचे. एकाच शब्दाने दोन्ही सांगितल्यावर हलणाऱ्या दाताचा मनुष्य मंजन बदलत बसतो. (हिरडा आणि हिरडी यांचाही असाच एक निरुपद्रवी खेळ आहे. हिरडा हा शब्द हरीतकीवरून आलेला. पण अनेकवचनाच्या सामान्यरूपात दोन्ही ‘हिरड्यां-’ असेच होतात. ‘हिरड्यांचा काढा’ आणि ‘हिरड्यांचा विकार’ यांत काय कशाचे, हे संदर्भानेच कळते.)

विध्यर्थी वाक्याची किंमत व्यवहारात किती असते याचा एक प्रसिद्ध दाखला हळदीच्याच इतिहासात आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या रीतीचे एकस्व देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे त्या काळी महासंचालक होते, तिने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हा प्रश्न हिरडीचा नव्हे, जखमेचा होता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगे हे की, एकस्व मागितले होते ते रीतीवर, म्हणजे ‘अशी लावावी’ या वाक्यावर. ते खोडण्यासाठी जुन्या ग्रंथांतले आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यक नियतकालिकातले जे पुरावे दिले गेले ते हळदीच्या वापराचे होते. ‘हळदीमध्ये गुणधर्म आहेत’ एवढेच आपल्या पूर्वजांनी लिहून ठेविले असते तर त्याचा अशा वादात काडीइतका उपयोग झाला नसता.

सर्वांत शेवटी ‘वनस्पतिजन्य’ या विशेषणाचा विचार करावयाचा. आपल्या लेखनात हा शब्द उत्पत्ती सांगतो आणि त्याच श्वासात निरुपद्रवीपणाची ग्वाही देतो. मराठी मुलुखात या ग्वाहीचे सर्वांत महाग उदाहरण मिसरीचे आहे. मिसरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू. महाराष्ट्रात आणि गोव्यात मुख्यतः स्त्रिया ती दातांना व हिरड्यांना चोळीत आल्या आहेत. येथे क्रियापद पाहावे. विडी ओढतात, तंबाखू खातात, मिसरी मात्र ‘लावतात’. लावणे हे क्रियापद मलमाचे, लेपाचे, औषधाचे आहे. ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिसरी लावणारी बाई ‘नाही’ असे उत्तर देते, आणि तिच्या भाषेच्या हिशोबाने ते खोटे नसते. भारत सरकारने १९९२ साली दंतमंजनांत व पेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली. घरी तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिसरीपर्यंत ती बंदी पोहोचू शकत नाही. निकोटीन हे निःसंशय वनस्पतिजन्य संयुग आहे. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते हे दंतवैद्यांना परिचित आहे. म्हणजे रोगाची पहिली खूणच झाकली जाते. तंबाखूच्या एखाद्या भाबड्या पुरस्कर्त्याने यावरून ‘तंबाखूमध्ये रक्तस्तंभक गुणधर्म आहेत’ असे वाक्य लिहिले तर ते आपल्या साच्यात अगदी चपखल बसेल, हेच त्या साच्याचे भयंकर रूप आहे.

दुसरे उदाहरण परदेशातले आहे, पण त्याचा एक धागा आपल्या शेताच्या बांधापर्यंत येतो. उत्तर अमेरिकेतील ब्लडरूट नावाच्या वनस्पतीतून मिळणारे सँग्विनारिन हे अल्कलॉइड जीवाणूंचा थर कमी करणारे म्हणून गाजले, आणि १९८० नंतरच्या दशकात ‘व्हायडेंट’ या नावाच्या पेस्टमधून व चूळद्रवातून ते अमेरिकेत विकले गेले. १९९९ साली डॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उत्पादन वापरणाऱ्यांच्या वरच्या ओठाच्या आतील बाजूस, हिरडीलगत, पांढरे चट्टे आढळत असल्याचे प्रसिद्ध केले. असे चट्टे कर्करोगाच्या पूर्वावस्थेत गणले जातात. पुढे त्या उत्पादनातून सँग्विनारिन वगळण्यात आले. हेच सँग्विनारिन आपल्याकडे पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलात असते. मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाली की अंगावर सूज चढविणारी जलोदरासारखी साथ पसरते. १९९८ साली दिल्लीत अशा साथीने अनेकांचे बळी घेतले. एकच रेणू, एकीकडे हिरड्यांची सूज उतरविणारा म्हणून पेस्टमध्ये, दुसरीकडे सूज चढविणारे विष म्हणून न्यायवैद्यकाच्या पुस्तकात. पिवळ्या धोत्र्याची नोंद आपल्या वनौषधींच्या पुस्तकांत उघडून पाहावी. तीत बहुधा ‘औषधी’ एवढाच शब्द असतो, आणि कोणत्या भागाचा, किती मात्रेने, कोणाला, याची जागा कोरी असते. वनस्पतिकोश वा परिभाषाकोश यांचे काम ज्या विद्यार्थ्यांकडे येईल त्यांनी निदान अशा नोंदींत ‘असणे’ या क्रियापदाला मज्जाव करावा, आणि जेथे ‘गुण’ लिहिला असेल तेथे तो कोणाला आला, कशाने आला आणि किती दिवसांनी आला, हे तीन रकाने मांडून घ्यावेत. भरता आले नाहीत तर ते तसेच कोरे छापावेत.